माळ्यावरचं कुलूप

सुरतेच्या आमच्या खोलीत भिंतीला एकही खिळा नव्हता. घरमालकाची मनाई नव्हती, मायची होती. मी आरसा टांगूया म्हटलं, दप्तर अडकवायला काहीतरी ठोकूया म्हटलं, की तिचं उत्तर ठरलेलं, "आठे कशाले? गावले घर शे ना आपलं." इथे कशाला, गावाला आपलं घर आहे ना! त्यामुळे आरसा पिठाच्या डब्याला टेकून उभा असे आणि मी त्याच्यासमोर गुडघे टेकून वेण्या घाली. शेजारच्या मुली मला विचारत, तुम्ही कालच राहायला आलात का? मी तर बमरोलीच्या त्या चाळीतच रांगायला शिकले होते.

खोलीत जे काही चांगलं होतं ते माळ्यावर होतं. गोधडीत गुंडाळलेलं पुरणपोळीचं खापर, लाकडी काठवट, पितळेचा हंडा, कोऱ्या चादरी. खानदेशात पुरणपोळी मातीच्या खापरावर भाजतात, हातांवर फिरवून थाळीएवढी करतात. माय ती करायची नाही. खापर गावच्या चुलीवरच चढायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. त्या घराच्या भिंती तिने लग्नानंतर स्वतः लिंपल्या होत्या. चुलीच्या डावीकडे कोनाडा करून घेतला होता, तो या खापरासाठी. त्या घराची किल्ली तिच्या कमरेला असे आणि दर दिवाळीला ती किल्लीला तेल लावी.

दिवाळीच्या सफाईत माय पत्र्याच्या पेटीखालचा कचरासुद्धा काडीने काढायची, पण माळा बाबांचा. ते पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या कारखान्यात होते. बोटं कधी निळी, कधी गुलाबी. कारखान्यातून आणलेल्या रंगीत चिंध्यांनी ते स्टुलावर चढून एकेक गाठोडं पुन्हा आवळून बांधत आणि वरूनच म्हणत, "पुढच्या वर्षी हे सगळं गावाला." माय खालून त्यांच्याकडे बघायची. तेवढा वेळ ती फार सुंदर दिसायची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माय मला घेऊन माहेरी जाई. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणीने माहेरी जायचं म्हणजे जायचंच. आमचं गाव तिथून लांब, म्हणून बाबा तेवढ्यात मायकडून किल्ली घेऊन एकटेच तिकडे जाऊन घर बघून येत. परतले की मायला सगळं सांगत. कौलं फेरली, कोनाड्याला चुना दिला, परसातलं लिंबाचं झाड यंदा लदबदलंय. एकदा त्या झाडाची पिशवीभर लिंबं घेऊन आले, मग दरवर्षीच आणू लागले. माय त्यांचं लोणचं घाली. ती बरणी पाहुण्यांपुढेच निघे आणि प्रत्येकाला सांगितलं जाई, आमच्या घरच्या झाडाचं आहे.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर घरमालकाने चाळीला चुना द्यायचं मनावर घेतलं. सकाळीच दारात येऊन त्याने हुकूम सोडला, "बधो सामान नीचे उतारी दो." सगळं सामान खाली उतरवा. बाबा कामावर गेलेले. मायने पदर खोचला आणि स्वतःच माळ्यावर चढली. मी खाली उभी राहून एकेक वस्तू घेत होते. माय खुशीत होती. हंडा देताना म्हणाली, हा तुझ्या लग्नात पाणी भरायला. मी म्हटलं, आधी आरशाला खिळा दे, मग लग्नाचं बघू. ती हसली.

मग ती अगदी आत, जिथे छप्पर उतरतं आणि माणसाला पालथं पडूनच सरकावं लागतं, तिथे गेली. तिथून एक जांभळं गाठोडं घेऊन खाली उतरली. लहानसंच, पण जड. तिने जमिनीवर बसून गाठ सोडली. आत कुलूप होतं. पितळेचं, मोठं, एका बाजूला चेपलेलं.

मला काही कळलं नाही. मायने मात्र कमरेची किल्ली काढली आणि त्यात घातली. मला वाटलं, नाही लागणार. कुलूप लगेच उघडलं. माय दर दिवाळीला किल्लीला तेल लावत होती आणि बाबा वर चढून कुलुपाला.

कुलूप इथे, मग तिथे दाराला काय होतं? मी बडबडायला लागले, नवीन लावलं असेल, हे बिघडलं असेल. माय कुलुपाकडे बघतच नव्हती. ती ती जांभळी चिंधी बोटांनी चाचपत होती. "हाऊ तुना झगाना कपडा," ती म्हणाली. खरंच, माझ्या झग्याचाच कपडा. तो रंग कारखान्यात एकाच हंगामात निघाला होता, ताग्यावर डाग पडले म्हणून तुकडे कामगारांना वाटले होते. मायने त्याचा मला झगा शिवला, तेव्हा मी तिसरीत होते.

म्हणजे मी तिसरीत असल्यापासून. मग कौलं कोणाची फेरली? कोनाड्याला चुना कोणी दिला? आणि ती लिंबं? ती सुरत स्टेशनच्या बाहेरच्या टोपलीतली असणार. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घर गेल्याचं मला दुःख नव्हतं, मी ते धड पाहिलंही नव्हतं. पण ज्या घरासाठी आम्ही एवढी वर्षं भिंतीला टेकून, डब्याला टेकून राहिलो, त्याच्या गोष्टी हा माणूस आम्हाला रंगवून सांगत होता, आणि आम्ही जिभल्या चाटत ऐकत होतो.

चुना देऊन झाला. मायने सामान ओट्यावरच राहू दिलं, खोलीचं दार ओढलं आणि कडीला ते कुलूप घातलं. मग त्याच्यासमोर बसून राहिली.

बाबा डबा हलवत आले. त्या दिवशी बोटं हिरवी होती. दाराकडे बघितलं आणि थांबले. डबा खाली ठेवायलाही त्यांना सुचलं नाही.

"कव्हय?" मायने विचारलं. कधी?

मग ते मोठ्या काकांचं नाव न घेता बोलले, "भाऊनी शब्द टाका. माले नही म्हनता उनं नही." त्यांची पोरं मोठी झाली, जागा पुरेना, तू तर सुरतेला, असं भाऊ म्हणाला आणि यांनी स्वतःच्या हाताने कुलूप काढून घर त्याला दिलं.

"मंग हाई का बरं ठेवं?" हे कशाला ठेवलं मग?

"चांगलं कुलूप व्हतं," बाबा म्हणाले. "फेकी देवाना जीव व्हयना नही."

मला वाटलं आता माय ओरडेल, रडेल. मला तर तिने त्यांच्या अंगावर ते कुलूप भिरकावलेलं हवं होतं. तिने दार उघडलं आणि मला दगड आणायला सांगितला. पांढऱ्या भिंतीत तिने स्वतः पहिला खिळा ठोकला. आरसा बाबांनी धरला होता. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी रडले तो आरसा भिंतीवर गेला, तेव्हा मी बाहेर जाऊन हंड्यावर बसले होते.

दिवाळीला तिने खापर शेगडीवर चढवून पोळ्या केल्या. चांगल्या झाल्या होत्या. बाबांचं ताट वाढताना तिने पाहुण्यांची बरणी काढली आणि लिंबाची एक फोड पोळीच्या बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. बरणी रिकामी होईपर्यंत रोज ठेवली. ते मान खाली घालून ती खात, आणि माय खाऊन होईपर्यंत समोर बसून राही.