होय म्हटलेल्यांचा सिनेमा

आमच्या सिनेमाला सगळ्यात जास्त मदत माझ्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, केली, हे आधी सांगून टाकतो. कारण पुढे मी त्यांची थट्टाच करणार आहे. देवाला इतका कामाला लावणारा माणूस साऱ्या सिंधुदुर्गात दुसरा नसेल. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणे घालतात. एकाने देवाला सगळे सांगायचे आणि बाकीच्यांनी वाक्यावाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणायचे. सांगण्याचा मान काकांचा. पण तो त्यांना देवळापुरता पुरत नाही. स्कूटर सुरू होईना की गाऱ्हाणे, कुकरची शिट्टी होईना की गाऱ्हाणे. कट्टा गावच्या बाजारात एटीएमने कार्ड गिळले, तेव्हा त्यांनी यंत्रापुढेच हात जोडले, ‘बा म्हाराजा, ह्या लेकराचा पेन्शन खंय अडाकला आसात ता सोडय,’ आणि मागची रांग सवयीने ‘होय म्हाराजा’ म्हणाली. कार्ड बाहेर आले. तिथला राखणदार तेव्हापासून त्यांना स्वतःची खुर्ची देतो.

खाणीचा बांध फुटून आमची खालची वाडी लाल चिखलात गेली. माणसे वाचली, घरे गेली. माझी शाळा आठवीतच सुटली आणि मी हैदराबादेत स्टुडिओत दिवे उचलू लागलो. त्या बांधावर सिनेमा करायचे डोक्यात आले, पण आपल्याला कोण विचारणार, या धास्तीने मी फक्त काकांना फोन केला. त्यांनी ते थेट जत्रेत देवापुढे घातले, ‘आमच्या पोराचो पिक्चर वाडीच्या हातान पुरो कर रे म्हाराजा.’ जमलेले सगळे म्हणाले, ‘होय म्हाराजा.’ दुसऱ्या दिवशी काका दारोदार. ‘काल देवासमोर होय बोललंस मा? आता जनरेटर काढ.’ असा जनरेटर आला, तांदूळ आला, सुरमई आली, वर्गणीही आली.

शेवटच्या प्रसंगात उभ्या भातात चिखल सोडायचा होता. शेत काकांनी दिले, स्वतःचे. मावशी म्हणाली, ‘वर्षाचा भात ता. शुद्धीर आसात मा?’ शेत एकच, म्हणजे टेकही एकच. कंपनीचा साहेबही काकाच झाले. साहेबाने बांधावरून धीर द्यायचा, वाडीने ओरडून त्याला गप्प करायचे आणि बांध फोडायचा, असे ठरले होते. काका मागून आणलेला कोट घालून वर चढले आणि आवाज लागला तो गाऱ्हाण्याच्याच चालीत. ‘हा बांध भक्कम आहे...’ ‘होय म्हाराजा,’ सगळी वाडी एका सुरात. ‘कंपनी तुमच्या पाठीशी आहे...’ ‘होय म्हाराजा.’ तोवर चिखल सुटला होता. भात आडवे झाले.

‘टेक फुकट गेला,’ मी कॅमेऱ्यामागून ओरडलो. काका कोटासकट चिखल तुडवत आले.

‘तसाच ठेव,’ म्हणाले. ‘त्या टायमाक खरो सायब ह्याच बोललो होतो. आणि आम्ही सगळे, तुझो बापूस धरून, होयच बोललेलो.’

मावशी म्हणाली, ‘कोट तरी काढा, लोकांचो आसा,’ आणि सगळी वाडी हसू लागली. मीही.

आता इथे हैदराबादेत सिनेमा जोडताना तो प्रसंग आला की स्टुडिओतली पोरे आधी हसतात, मग गप्प होतात. त्यावरून वाटते, जमला असावा. काकांच्या शेतात मात्र अजून लाल चिखल बसून आहे. काका, सिनेमा चालो न चालो, येत्या वैशाखात मी फावडे घेऊन येतो. मजूर लावू नका. तो चिखल मीच काढीन, आणि लावणी होईपर्यंत परत जाणार नाही.