सासूबाईंची सुट्टी आणि कोंबडीचा पेटा

दारापाशी येताना दोनदा खोकायचं, थांबायचं, मग आणखी एकदा. चालताना उजवी चप्पल ओढायची. खाली बसताना गुडघ्यांना नावं ठेवायची. समोरच्याचं बोलणं संपलं तरी लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी 'म्म्म' म्हणायचं, आणि तो इतका लांबवायचा की आपलं काय चुकलं ते त्याला आपोआप आठवावं. भाताला जेवण म्हणायचं नाही. बटाट्याला तर नाहीच. हिरवी केळी पानात गुंडाळून वाफवली, पानातच मळली, पुन्हा वाफवली, तर ते जेवण. बाकी सगळं तोंडी लावणं. आणि घरी जावई आला की कोंबडी करायची, अन् तिच्या पोटातला पेटा, दाणे दळणारा तो घट्ट गोळा, न चुकता त्याच्या ताटात पाठवायचा.

सेबुन्याला आपल्या सासूबद्दल एवढं ठाऊक होतं. चेहरा ठाऊक नव्हता.

बाबिर्येशी लग्न होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. पण त्यांच्या मुलखात, बुगांडात, सासू-जावयाने एकमेकांना बघायचं नसतं, एका छपराखाली झोपायचं नसतं. बोलायचं तर मध्ये भिंत हवी, नाहीतर बंद दार. हे मोडलं तर म्हातारपणी हात थरथरतात म्हणे. सेबुन्या शिकलेला होता, हॉटेल चालवण्याचा डिप्लोमा केलेला होता, पण हात त्याला हवे होते. म्हणून रस्त्यात समोरून सासूबाईंची ओढती चप्पल ऐकू आली की तो केळीच्या बागेत शिरे. कधी त्या शिरत. एकदा दोघंही एकाच बागेत शिरले. त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोलत नाही.

सासूबाईंना सगळे नालोंगो म्हणत, म्हणजे जुळ्यांची आई. बाबिर्ये त्या जुळ्यांतली थोरली. मसाक्याजवळ त्यांची कॉफी होती, केळी होती, आणि घरात जेवायला कायम पंगत होती. कॉफीचा हंगाम उरकला की वर्षातून एकदा त्या एकट्याच कुठल्यातरी हॉटेलात जाऊन राहत. सोबत रविवारची टोपी ठेवायचा गोल डबा असे. त्यात टोपी नसे. विजेची शेगडी असे.

जिंजाच्या एका हॉटेलात त्यांनी सगळ्या मजल्याचा फ्यूज उडवला होता. फोर्ट पोर्टलला छतावरची धुराची घंटा वाजायला लागली, तेव्हा खुर्चीवर चढून त्यांनी तिला न्हाणीघरातली प्लास्टिकची टोपी घातली. आता त्या दोन्ही हॉटेलांत त्यांचं नाव ऐकलं की खोल्या भरलेल्या असत. हे किस्से बाबिर्येने सांगितले की सेबुन्या पोट धरून हसे.

एंटेब्याला तळ्याकाठच्या हॉटेलात तो मॅनेजर होता, आणि तिथे प्रत्येक खोलीच्या दारामागे त्याने स्वतः लावलेली पाटी होती: 'खोलीत स्वयंपाक करण्यास सक्त मनाई आहे.' गेल्या डिसेंबरात एका पाहुण्याने गादीवर स्टोव्ह ठेवून अंडी तळली होती. पडदा जळाला. मालक काबोगोझा कंपालाहून आले, पडद्याचं उरलेलं टोक हातात धरून बराच वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, "पुढच्या वेळी खोलीतून धूर निघाला, तर पाहुणा नाही जाणार. तू जाशील."

आणि शुक्रवारी स्वागतकक्षातली नाबोसा आत आली.

"सर, नऊ नंबरमधून वास येतोय."

"कसला?"

"चांगला."

सेबुन्या ताडकन उठला. जिना चढताना त्याने मनातल्या मनात भाषण तयार केलं. नऊ नंबरसमोर टाय सरळ केला. ठोकायला हात उचलला. आतून कोणीतरी उजवी चप्पल ओढत दाराकडे आलं. दोनदा खोकलं. थांबलं. मग एकदा.

सेबुन्या होता तिथेच गुडघ्यांवर बसला.

"आई?"

"म्म्म," दाराआडून आलं. "जावईबापू. बरे आहात?"

"बरा आहे, आई. तुम्ही बऱ्या आहात?"

"आहे. मुलं बरी आहेत?"

"बरी आहेत. घरी सगळे?"

"आहेत. तुमची आई?"

"बरी आहे."

"त्यांचा गुडघा?"

"बरा आहे, आई."

"तो कुठला? डावा ना? आणि तुमच्या भावाची ती गाय?"

विचारपूस अर्ध्यात तोडणं म्हणजे सासूच्या अंगावर धावून जाण्यासारखंच. सेबुन्या गायीचं सांगत राहिला. गाय झाली, वासरू झालं, शेजारी झाले. आत पातेल्याचं झाकण आनंदाने खडखडत होतं. आठ नंबरमधलं जोडपं पोहायला निघालं होतं. मॅनेजर बंद दारापुढे गुडघे टेकून गायीबद्दल बोलतोय हे पाहून ते परत आत गेलं.

शेवटी त्याला फट सापडली.

"आई, खोलीत स्वयंपाकाला मनाई आहे."

"म्म्म. कोणी केली?"

"मी."

"मग तुम्हीच उठवा. लांब कशाला जायचं?"

"तसं नाही होत, आई. गेल्या वर्षी पडदा जळाला."

"म्हणून तर मी पडदे काढून, घड्या घालून कपाटात ठेवलेत."

"शेजारच्या खोलीत वास जातो."

"गेला होता. ते विचारायला आले. त्यांना वाढलं."

"भिंतींना वाफ धरते. साफ करणाऱ्या बायकांना त्रास होतो."

यावर आत चप्पल भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. "हे मात्र खरं," नालोंगो म्हणाल्या. "भिंत मी पुसून जाईन. दुसरं बोला."

"आमचा आचारी चांगला आहे. तो केळी करतो."

"पाहिली मी काल. सोलून पाण्यात उकडतो, आणि चमच्याने वाढतो. पान नाही की काही नाही. उघडीवाघडी! मला बघवेना. मी रुमाल टाकला त्यांच्यावर."

"आई, सुट्टीवर आलेल्या माणसाने आराम करावा. रांधायचंच असेल तर घर काय वाईट होतं?"

"घरी मी पंगतीचं करते. इथे एकटीचं करते. मीठ कोणाला विचारून घालत नाही. याहून आराम कसला असतो, जावईबापू?"

सेबुन्याने दाराकडे बघितलं. दारामागे, आतल्या बाजूला, त्याची पाटी होती. त्या ती वाचू शकत होत्या. तो नाही.

खाली येऊन त्याने नाबोसाला शेगडी जप्त करून आणायला पाठवलं. ती खूप वेळाने आली. हात रिकामे होते.

"शेगडी कुठाय?"

"सर, त्या म्हणाल्या, आधी जेव."

"आणि मग?"

"मग मी जेवले."

त्याने बायकोला फोन लावला.

"तुझी आई माझ्या हॉटेलात आहे!"

"हो, माहितीय."

"माहितीय? आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर खोली दिली असतीस का? दुसरं कोणी तिला खोली देत नाही. आणि तुझ्याकडे कसं, दार उघडून तिला पकडणारं कोणी नाही. हे तीच म्हणाली."

"तू हसतेयस."

"नाही रे. खोकतेय."

"बाबिर्ये, माझी नोकरी जाईल!"

"उद्याचा दिवस काढ. उद्या ती कोंबडी करते, रविवारी निघते."

"कोंबडी आमच्या स्वयंपाकघरात मिळते की! हवी तेवढी!"

"पेटा मिळतो?"

सेबुन्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुला काय वाटलं, ती तळं बघायला जाते?" बाबिर्ये म्हणाली. "मसाक्याहून शेगडी वाहून नेते ती तळ्यासाठी? जन्मभर कोंबड्या शिजवल्या तिने. पेटा आधी आजोबांना. मग बाबांना. बाबा गेले, आता दादाला. तू आलास की तुला. पेटा पुरुषांचाच; घरच्या बाईने खाल्ला तर आत्या गावभर सांगत सुटेल. म्हणून ती वर्षातून एकदा हॉटेलात जाते, दार लावून घेते, आणि खाते. तू आजवर किती खाल्लेस, मोजलेयस?"

त्याने मोजले नव्हते. लुसलुशीत कधीच नसे तो; घट्ट, चिवट, चावायला वेळ घेणारा. सासुरवाडीला पहिल्यांदा ताटात आला तेव्हा मान दिल्यासारखा वाटला होता. नंतर तो नुसताच खात आला.

त्याची झोपायची खोली हॉटेलातच होती, म्हणजे सासूच्याच छपराखाली. गादी जनरेटरच्या शेडमध्ये गेली. सकाळी सदऱ्याला डिझेलचा वास येत होता, आणि त्याने ठरवून टाकलं होतं: नऊ नंबरकडे आज फिरकायचंच नाही. दिसलं नाही, हुंगलं नाही.

दुपारच्या आधी मालकांची गाडी फाटकातून आत आली.

काबोगोझा न कळवता येत. गाडीतून उतरताच ते थांबले. नाक वर केलं. केळीचं पान तापल्याचा वास, त्यात शेंगदाणे, त्यात कोंबडी. त्यांनी एक शब्द न बोलता जिना गाठला. सेबुन्या मागे. नऊ नंबरपासून चार पावलं अलीकडे सेबुन्या थांबला.

"उघड," मालक म्हणाले.

"मालक, नाही उघडता येत."

"चावी आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"मग?"

सेबुन्याने खाली बघितलं. मालकांचा चेहरा हळूहळू बदलला.

"कोण आहे आत? बाई आहे?"

"बाई आहे, मालक."

"वा! आणि तुझी बायको घरी मुलं सांभाळतेय. माझ्या हॉटेलात बाई ठेवलीस, वर तिला कोंबडी! चावी इकडे दे. सगळ्या चाव्या दे. आजपासून तुझं इथे काम नाही."

सेबुन्याने खिशातून चाव्यांचा जुडगा काढला. सासूचा उल्लेख, तोही असा, दाराबाहेर मोठ्याने, त्याच्या तोंडून निघेना. तेवढ्यात आतून चप्पल ओढल्याचा आवाज आला. दोनदा खोकला. मग एकदा. सेबुन्या चाव्यांसकट गुडघ्यांवर बसला.

"मालक," दाराआडून आवाज आला, "मी दार उघडते. पण आधी त्या माणसाला लांब करा. माझी मुलगी दिलीय त्याला."

काबोगोझांनी खाली बघितलं. मॅनेजर गुडघ्यांवर, मान भिंतीकडे. त्यांच्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. त्यांनी घाईघाईने हॅट काढली.

"अरे गाढवा, सासू आहे म्हणून सांगायचं ना! पळ!"

सेबुन्या जो पळाला तो मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीआड जाऊन थांबला. तिथून त्याला वरची गॅलरी दिसली नाही, पण ऐकू सगळं आलं.

"बाई, नियम नियम असतो," मालक म्हणत होते.

"कोणी नाही म्हटलं? त्याने तीन दिवस मला हेच सुनावलं. कालच म्हणाला, सामान उचला. मीच हलले नाही. तुमच्या कुठल्या मॅनेजरने आपल्या सासूला असं बोलून दाखवलंय?"

तो असं काही म्हणाला नव्हता. आणि तो बोलला होता तेही एकदाच, शुक्रवारी. सेबुन्या टाकीआड आणखी खाली वाकला.

मालक खोकले. "सासूला?"

"सासूला. गुडघ्यांवर बसून, पण म्हणाला."

वर मालकांचे बूट दोनदा गॅलरीभर फिरले. मग मालक म्हणाले, "तो राहील. तुम्ही निघा. आत्ता. आणि शेगडी इथे राहील."

"म्म्म," नालोंगो म्हणाल्या. तो म्म्म जिन्यापर्यंत लांबला.

त्या बाहेर पडल्या. जावई कुठून डोकावेल याचा नेम नाही, म्हणून डोक्यावरून हॉटेलची पांढरी चादर घेतली होती. चादरीखालून त्यांच्या पायघोळ गोमेसी झग्याच्या उभ्या खांद्यांची दोन टोकं वर आली होती. पोहायच्या तलावाकाठचे पाहुणे उठून उभे राहिले. फाटकाशी त्यांनी चादर काढली, व्यवस्थित घडी केली, पहारेकऱ्याच्या हातात दिली आणि रिकामा टोपीचा डबा काखेत मारून बसथांब्याकडे चालू लागल्या. हे सगळं नाबोसाने सांगितलं. सेबुन्याने डोळे मिटून घेतले होते.

मालक जेवायच्या खोलीत जाऊन बसले. त्यांनी उकडलेली केळी मागवली.

सेबुन्या नऊ नंबरमध्ये गेला. आता जाता येत होतं. पडदे कपाटात घडी करून ठेवलेले. भिंत पुसलेली; ओलं फडकं खिडकीत वाळत होतं. छतावरच्या घंटेला प्लास्टिकची टोपी. शेगडी बंद, पातेलं अजून गरम. त्याने झाकण उचललं. वर केळीचा गठ्ठा होता, पानातच मळून पुन्हा बांधलेला, दुसऱ्या वाफेसाठी ठेवलेला. त्याखाली एक लहान पुडी, केळीच्या खोडाच्या सोपटाने बांधलेली. त्याने गाठ सोडली. शेंगदाण्याच्या रसात कोंबडीचे तुकडे होते, आणि सगळ्यांच्या वर, मधोमध, पेटा. त्याने बोटाने दाबून पाहिला. आत अजून लालसर होता. पेट्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

नाबोसा दारात उभी होती.

"सर, मसाक्याची मिनीबस लागलीय. पण अजून भरली नाही. पुढच्या बाकावर नालोंगो एकट्याच आहेत. भरल्याशिवाय ड्रायव्हर हलणार नाही."

"मालक?"

"केळ्यांवर रुमाल टाकून बसलेत."

सेबुन्याने पुडी पुन्हा बांधली. गाठ त्यांच्यासारखी जमली नाही. त्याने नाबोसाला पुडी तयार होईपर्यंत जिन्याच्या तोंडाशी उभं राहायला, मग ती बसपाशी न्यायला सांगितलं आणि दार आतून लावून घेतलं. दारामागे त्याची पाटी होती. तिच्याकडे पाठ करून त्याने पुडी पातेल्यात ठेवली, शेगडी चालू केली आणि तिच्यापुढे बसला. पातेल्यातलं पाणी आटत आलं होतं. पेटा अजून कच्चा होता.