व्याह्यांची थट्टा, मुक्काम सिंगापूर

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि डोंबिवली पूर्वेच्या आमच्या महिला मंडळातील सर्व भगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, सौ. वंदना, म्हणजे मी, हिने सिंगापूर मुक्कामी सलग एकोणीस तास एकही विनोद केला नाही. या घटनेला साक्षीदार आहेत. त्यांपैकी दोन कोरियन, एक इंग्रज आणि एक माझा नवरा. नवऱ्याने तीस वर्षांच्या संसारात असा प्रसंग पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्याने मला ताप आहे का ते कपाळाला हात लावून पाहिलं.

कारण तसंच होतं. आमचा चिन्मय सिंगापूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्याच ऑफिसातल्या सूजिन नावाच्या कोरियन मुलीशी त्याला लग्न करायचंय. तिची अट एकच, आईवडिलांनी होकार द्यायला हवा. तेव्हा ते देगूहून यायचे, आम्ही डोंबिवलीहून जायचं आणि सिंगापूरला गाठ पडायची, असं ठरलं.

चांगी विमानतळावर चिन्मयने वाकून नमस्कार केला आणि वर यायच्या आत म्हणाला, "आई, एक विनंती आहे. जोक नकोत."

"म्हणजे अजिबात?"

"मंडळात करतेस तसले. नकला नकोत, टोमणे नकोत, बाबांवरचे तर मुळीच नकोत."

"मग माझ्याकडे उरलं काय?"

"साडी चांगली आहे," श्रीकांत म्हणाला. माझा नवरा महिन्यातून एकदा विनोद करतो आणि तो नेमका माझ्यावर असतो.

चिन्मयचा फ्लॅट पासिर रिसला, अकराव्या मजल्यावर. खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत समुद्राची निळी पट्टी दिसते. खाली इतकी स्वच्छता की मी केळं खाऊन साल हातात धरून बराच वेळ हिंडले. टाकायला डबा नव्हता असं नाही. डबासुद्धा इतका स्वच्छ होता की धीर होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तांजोंग पगारला गेलो. एका बाजूला काचेचे उंच बुरूज, दुसऱ्या बाजूला रंगीत खिडक्यांची जुनी दुमजली दुकानं. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखालच्या खाद्यपदार्थांच्या गाड्यांमध्ये) कॉफीच्या ठेल्यावर एक चिनी बाई उभ्या होत्या. मला राहवेना. मी इंग्रजीत म्हटलं, "साखर नको. मी मुळातच गोड आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कॅन," त्या म्हणाल्या (तिथल्या इंग्रजीत म्हणजे 'चालेल') आणि पुढच्याला हाक मारली.

तिथे आम्हाला कॉलिन भेटला. कॉलिन हा चिन्मयचा आणि सूजिनचाही साहेब. इंग्लंडच्या उत्तरेकडचा, उंच, पावसात भिजल्यासारखा चेहरा. या दोघांची गाठ त्याच्याच टीममध्ये पडली, म्हणून संध्याकाळच्या जेवणाला मध्यस्थ म्हणून तोही येणार होता. मी विचारलं, "आमचा मुलगा कामाला कसा आहे?"

"चालवून घेतो आम्ही," कॉलिन म्हणाला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

चिन्मय खूश होऊन माझ्या कानात म्हणाला, "आई, हे त्याचं सगळ्यात मोठं कौतुक आहे. मागच्या वर्षी 'फार त्रास नाही' म्हणाला आणि मला बढती मिळाली."

मी धन्य झाले. जो जास्त आवडतो त्याला जास्त टोचून बोलायचं आणि तोंड मात्र मयताला आल्यासारखं ठेवायचं, ही माझ्या माहेरची रीत! या माणसाचा मागचा जन्म नक्की आमच्या सांगलीतला.

संध्याकाळच्या आधी सूजिनने मला बाजूला घेतलं. गोल चेहऱ्याची, नीटनेटकी, काळजीने ओठ चावणारी मुलगी. म्हणाली, "आई, आमच्याकडे व्याह्यांना साडोन म्हणतात. साडोनसमोर माणूस सर्वांत जपून बोलतो."

मला हे नवीनच होतं. आमच्याकडे विहिणीला चार चिमटे काढल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. माझ्या लग्नात माझ्या मावशांनी सासूबाईंच्या नाकावर गाणं म्हटलं होतं, सासूबाईंकडच्यांनी माझ्या आईच्या घेरावर. पुढे त्या दोघी एकमेकींवाचून काशीलासुद्धा गेल्या नाहीत. पण मुलाच्या संसाराचा प्रश्न होता. मी स्वतःशी तडजोड केली. त्यांची थट्टा करायची नाही, फक्त आपली करायची. त्यात कुणाचं काय जातं?

हॉटेल कोरियन होतं. टेबलाच्या मधोमध निखारे, वर छतातून खाली आलेला धूर ओढणारा नळ आणि भोवती बांचान (वाटीवाटीतली तोंडीलावणी) इतकी की श्रीकांतला वाटलं तेच जेवण. सूजिनचे वडील शिन साहेब निवृत्त मुख्याध्यापक, पाठीचा कणा फूटपट्टीसारखा. आई किमबाई (तिकडे लग्नानंतरही बाईचं आडनाव माहेरचंच राहतं) लहानखुऱ्या, हसताना तोंडावर हात. आम्ही वाकलो, ते वाकले, आम्ही परत वाकलो. कुणी आधी थांबायचं ते ठरेना. शेवटी मांस आलं आणि आम्ही वाचलो. ते कात्रीने कापतात. शिवणकाम शिकलेल्या बाईला फार आपलंसं वाटतं.

योग्य क्षण बघून मी घसा साफ केला. "आमचा चिन्मय तसा आळशी आहे. कपड्याची घडी घालता येत नाही. स्वयंपाकातली एकच गोष्ट त्याला जमते, ती म्हणजे भूक लागणं."

आणि हशासाठी जागा सोडली.

सूजिनने भाषांतर केलं. शिन साहेबांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली. "नाही, नाही. उणी आमचीच मुलगी आहे. राग लवकर येतो. भात करपवते."

किमबाई कौतुकाने माझ्याकडे पाहू लागल्या. सूजिन कुजबुजली, "किती छान बोललात! आमच्याकडेही आपलं मूल असंच कमी लेखून सांगतात."

म्हणजे माझ्या विनोदाला शिष्टाचार समजलं गेलं होतं! मंडळात गेली वीस वर्षं ज्या बाईच्या सूत्रसंचालनाला लोक डोळे पुसत हसतात, तिला आज सभ्य ठरवण्यात आलं. मी पेटले. चिन्मयचं नववीचं गणित काढलं. त्यांनी सूजिनच्या बुटांच्या नाड्या काढल्या, सात वर्षांची होईपर्यंत बांधता येत नव्हत्या म्हणे. मी त्याचं घोरणं सांगितलं. त्यांनी तिचा पियानो सांगितला. दोन्ही मुलं माना खाली घालून बसली होती आणि आम्ही आपापला माल नासका असल्याची खात्री देत होतो. काय सुरेख चाललं होतं!

कॉलिन हे सगळं मन लावून ऐकत होता. त्याला वाटलं असावं की हा त्यांचा राष्ट्रीय खेळ आहे आणि आपण उगाच बाहेर बसलोय.

"चिन्मय?" तो म्हणाला. "भयंकर माणूस. माझी मुलगी असती तर मी दाराला कुलूप घातलं असतं."

मी जोरात हसले. माझं हसू टेबलावर एकटंच पडलं.

शिन साहेबांना तेवढं इंग्रजी येत होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब सांगतात... वाईट?"

कुठलाही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण कॉलिनकडच्या रिवाजाप्रमाणे विनोद लागला नाही तर तो आणखी खोल मारायचा असतो. "सांगितलं त्याहून वाईट," तो म्हणाला.

मला चूक कळली ती सूजिनचा चेहरा पाहून. आईवडील मुलाला नावं ठेवतात ती नम्रता. ती ऐकून तिसऱ्या माणसाने म्हणायचं असतं, 'छे छे, मुलगा हिरा आहे.' आता ते म्हणायची पाळी कॉलिनची होती, आणि साहेबाचा शब्द म्हणजे त्यांच्याकडे शिक्का! वर माझी साक्ष होतीच: आळशी, गणितात कच्चा, घोरतो. जेवण संपलं. पुन्हा वाकणं झालं, या वेळी त्यांच्याकडून एकदाच.

परतीच्या मेट्रोत चिन्मय दाराच्या काचेत बघत उभा होता. फ्लॅटवर आल्यावर त्याला निरोप आला: शिन साहेब उद्या चार वाजता घरी येतील, त्यांना एक प्रश्न विचारायचा आहे.

"आई," तो म्हणाला, "ती वडिलांचा शब्द मोडणार नाही."

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. एकोणीस तासांचं मौनव्रत सुरू झालं ते त्या क्षणी.

दुसऱ्या दिवशी मी शिरा केला आणि दिवाणखाना आवरला. चिन्मय व्यायामासाठी एक भलामोठा रबरी चेंडू वापरतो. तो लपवायला जागा नव्हती, म्हणून मी त्याच्यावर कलाबतूची चादर घातली. छान बैठकीसारखा दिसू लागला.

पाहुणे आले. दाराशी काढलेले सगळ्यांचे जोडे किमबाईंनी वाकून सरळ रांगेत लावले. कॉलिनही आला होता, टाय लावून. तो बिचारा सकाळपासून शपथेवर साक्ष द्यायला तयार होता, पण शिन साहेबांनी हाताने त्याला थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमचा मुलगा चांगला आहे का?"

बस, एवढंच. मला एका श्वासात सात विनोद सुचले. सगळे गिळले. मग लक्षात आलं की विनोद काढून टाकल्यावर आपल्याला आपल्या मुलाबद्दल बोलताच येत नाही. कधी बोललेच नव्हते. हातातली शिऱ्याची बशी मी घट्ट धरली.

"चांगला आहे," मी म्हटलं. आवाज माझा वाटेना. "ह्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर वाचायची बंदी होती. ह्यांना पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लागतो. चिन्मय रोज ऑफिसला जायच्या आधी इथून फोन करून नेटवरचा पूर्ण पेपर वाचून दाखवायचा. बातम्या, बाजारभाव, निधनवार्ता, 'फ्लॅट विकणे आहे', सगळं. एकदाही घाई केली नाही. मला वाटलं होतं दोन दिवसांत कंटाळेल. मी ते त्याला बोलूनही दाखवलं होतं."

सूजिन भाषांतर करताना मध्येच थांबली. तिलाही हे माहीत नव्हतं. श्रीकांत खिडकीकडे बघू लागला. मागे छानशी बैठक दिसली, आणि मी बसले.

पुढचं मला छताकडे बघत बघत कळलं. चेंडू पुढे, मी मागे, कांजीवरम गुडघ्यापर्यंत, दोन्ही पाय हवेत. आणि उजव्या हातात बशी, शिऱ्याचा कणही न सांडलेली.

कॉलिन धावला. "लागलं का?" विचारून त्याने सभ्यपणे भिंतीकडे तोंड केलं. पडलेला माणूस स्वतः थट्टा करत नाही तोवर हसायची त्यांच्याकडे परवानगी नसते. पण किमबाई! आधी त्यांचा तोंडावरचा हात सुटला, मग त्या हसल्या, मग टाळ्या वाजवल्या, आणि हसू मावेना तेव्हा शेजारच्या माणसाला चापट्या मारू लागल्या. शेजारी श्रीकांत होता. कोरियन बायका हसताना शेजाऱ्याला मारतात, हे मला सूजिनने नंतर सांगितलं. श्रीकांतच्या खांद्याला आधी कळलं. शिन साहेब ओठ घट्ट मिटून बसले होते. त्यांची फूटपट्टी थरथरली, वाकली, आणि मुख्याध्यापक डोळे पुसू लागले. ते पाहून मी हसले, मग मुलं, मग भिंतीकडे तोंड केलेला कॉलिन.

बरंच शांत झाल्यावर शिन साहेबांनी बशी दोन्ही हातांनी घेतली, शिरा खाल्ला आणि विचारलं, "डोंबिवलीत हवा कधी चांगली असते? लग्नासाठी."

खोटं बोलवेना. "कधीच नाही," मी म्हटलं.

त्यांनी विचार केला. "मग कधीही चालेल."

चौथ्या दिवशी परतीला निघालो. आमची आणि त्यांची विमानं एकाच संध्याकाळी होती, म्हणून चांगीला पुन्हा भेट झाली. तिथे बसल्या बसल्या मला वाटलं, इंग्रज टोचून माया करतो, कोरियन स्वतःला खाली ठेवून मान देतो, आणि मी आपली जन्मभर हशा मिळवायच्या नादात पोराचं एक सरळ कौतुक करायला सिंगापूरपर्यंत आले. घरी पोचल्यावर रोज एक करायचं ठरवलंय. श्रीकांतपासून सुरुवात करणार होते, पण त्याला धक्का सोसणार नाही.

निघायची वेळ झाली. किमबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि कोरियन भाषेत एक लांबलचक वाक्य म्हटलं. सूजिन लालबुंद झाली. "मी हे सांगणार नाही. ही आमच्याकडची जुनी म्हण आहे, आणि साडोनला तोंडावर कुणी म्हणत नाही."

तेव्हा आजवर एक शब्द इंग्रजी न बोललेल्या किमबाई, तोंडावर हात न ठेवता, आख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, "विहिणीचं घर आणि संडास, जितके लांब तितके चांगले! डोंबिवली फार लांब! फार छान!"