रुईतल्या काडीपेट्या
सादळलेली काडी घासली की गुलाचा हिरमुसला वास येतो आणि मला पन्नासच्या दशकातली रिसोडच्या वाटेवरची कापसाची जीन आठवते, जिथं मी सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यात कापूस टाकायला जायची. एक ठिणगी पडली तर सारी जीन जळणार, म्हणून फाटकावरचा म्हातारा पहारेकरी सगळ्यांच्या काडीपेट्या काढून घ्यायचा, आम्हा बायांच्या तंबाखूच्या डब्यासुद्धा उघडून बघायचा, आणि संध्याकाळी ज्याची पेटी त्याला न चुकता परत द्यायचा. एका थंडीत कारखाने तपासणारे साहेब आले. झडती पाहून खूश झाले आणि म्हणाले, "या पेट्या ठेवता कुठं?" म्हाताऱ्याची छाती फुगली. तो साहेबांना थेट गोदामात घेऊन गेला, सरकी काढलेल्या रुईच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि काडीपेट्यांचं गाठोडं ओढून काढलं. "बाहेर दवानं सादळते ना, साहेब," एक पेटी कानाशी खुळखुळवत तो म्हणाला, "रुईत पाहा कशी कडकडीत राह्यते!" साहेब पांढरेफटक पडले आणि फाटकाकडे पळत सुटले. मागून गाठोडं घेऊन हा धावतोय, "थांबा साहेब, तुमच्या खिशातली घ्याची राह्यली!" दुसऱ्या दिवसापासून पेट्या फाटकाबाहेरच्या कोनाड्यात गेल्या आणि खरंच सादळू लागल्या, आठवडाभर सगळे गडी साहेबालाच शिव्या घालत होते. आता मीही काडीपेटी शेगडीपासून लांब फळीवर ठेवते. ती सादळते, तीन-तीन काड्या वाया जातात, आणि पेटी धरलेला माझा हात आपसूक वातींच्या कापसाच्या डब्याकडे जातो.