अक्काचे सागरगोटे

मी तरुणपणी सर्कशीत चेंडू झेलायला शिकलो, असं आमच्या डोंगरकडा गावात सगळे मानतात. ही थाप माझीच. सर्कस मी फक्त तिकीट काढून पाहिली. तीन सागरगोटे एकदम हवेत खेळवायला मला अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, शेळ्या राखताना शिकवलं. पण पोरींचा खेळ बहिणीकडून शिकलो, हे सांगायला माझ्या मिशीला कमीपणा वाटे.

परवा शाळेत या कलेसाठी माझा सत्कार झाला. अक्का समोरच बसली होती. मला राहवलं नाही. माईकवर सगळं खरं सांगून टाकलं, आणि मग तीन लिंबं झेलून दाखवताना तिन्ही पाडली.

अक्का ओरडली, "आता काहून माझं नाव सांगून राहिला रे? लोकायला वाटंल, म्या असंच शिकवलं!"