बिराजदार सरांची पाठ

बिराजदार सरांचा ऑनलाइन तास ज्यांनी पाहिला, त्यांनी सरांची पाठच पाहिली. पांढऱ्या सदऱ्यातली, मधोमध घामाचा नकाशा उमटलेली रुंद पाठ. कोरोनात शाळा बंद झाल्यावर सरांनी घरच्या ओसरीची एक भिंत काळी रंगवून घेतली होती. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवायचा, "दिसून राहिलं का रे?" असं विचारायचं आणि लगेच भिंतीकडं वळायचं. मी एकदा भीत भीत म्हणालो, "सर, कॅमेऱ्याकडं तोंड करून शिकवायचं असतं."

"जिंदगीभर पोरांकडं पाठ करून शिकवलंय. तोंड दाखवायला मी काय नवरदेव हाय?"

अहमदपूरच्या आमच्या शाळेत ते दहावीला गणित शिकवायचे, आणि त्या पाठीला कान होते. त्रिकोण काढता काढता ते म्हणायचे, "गोविंद, चिंच थुंकून ये." आणि गोविंद मुकाट्यानं उठायचा.

मी तिथंच खालच्या वर्गांना गणित शिकवायचो, आणि शाळेचा तंत्रज्ञही मीच. एकदा बंद पडलेला प्रोजेक्टर मी सुरू करून दाखवला होता, त्याची ही शिक्षा. त्याची वायर निघालेली होती, एवढंच. पण ते मी कुणाला सांगितलं नाही. माझा पहिला ऑनलाइन तास मी स्वतःचा माइक बंद ठेवून पूर्ण घेतला. पोरांनी तक्रार केली नाही. उलट तास आवडल्याचं कळवलं. पुढं शिक्षकांच्या बैठकीत मुख्याध्यापकांच्या मिशीवर शेरा मारला, तेव्हा मात्र माइक चालू होता.

या सगळ्यातून मला एकच विद्या आली होती, एका बटणात सगळ्या वर्गाचं तोंड बंद करण्याची. तिचा मला फार अभिमान. सरांना ती अजिबात मंजूर नव्हती.

"मुकी पोरं मला शिकवता येत न्हाईत, जाधव. आवाजच आला न्हाई तर कुनाला समजलं अन् कुनाला न्हाई, हे कसं कळावं?"

त्यामुळं त्यांच्या तासाला सगळे माइक उघडे असायचे. कुकरच्या शिट्ट्या, शेळ्या, शिरूर अनंतपाळहून बसणाऱ्या सुनीताच्या दारातला ट्रॅक्टर. या बाजारातून सरांना नेमकं हवं ते ऐकू यायचं. "सुनीता, आत्ताचं तुझं 'हं' न समजल्याचं व्हतं. परत सांगतो."

पालकांनी गोंगाटाची तक्रार केली. मुख्याध्यापकांनी ठरवलं की शिक्षण खात्याचे लातूरचे अधिकारी एक तास ऑनलाइन बघतील. तो नीट झाला नाही, तर दहावी सरांकडून काढून मला द्यायची. सर त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते.

"तुला देनार म्हनं दहावी," सर मला म्हणाले. "समरूप त्रिकोण येतात का?"

"येतात की, सर."

"मंग पोरांचे लई हाल व्हनार न्हाईत." थोडा वेळ ते हातातला खडू मोडत राहिले. "पन शेवटची बॅच हाय रे. अर्ध्यात कशी सोडू?"

तपासणीच्या दिवशी शाळेच्या ऑफिसात माझ्या लॅपटॉपसमोर मी आणि मुख्याध्यापक खेटून बसलो. त्यांच्या हुकुमावरून मी माझं लाडकं बटण दाबलं. सरांनी त्रिकोण काढला. "समजलं का?" शांतता. "समजलं का रे?" पोरं माना हलवत होती, पण पाठीला डोळे नव्हते. सरांनी तीच ओळ पुन्हा लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. मग खडू थांबला.

"करा काहीतरी," मुख्याध्यापक कुजबुजले.

मी केलं. एकट्या सुनीताचा माइक उघडायला गेलो आणि वर्गातून बाहेर पडलो. माझ्याबरोबर अर्थातच मुख्याध्यापकही.

आम्ही धडपडत परत आत शिरलो, तोवर आम्ही गेल्याचं बघून पोरांनी माइक उघडले होते. शिट्ट्या, शेळ्या, ट्रॅक्टर, सगळं जागच्या जागी. सरांचा खडू धावत होता. तेवढ्यात त्या गलक्यातून एका बाईंचा आवाज आला, "अहो, बसलाच आहात तर तेवढी मेथी निवडा की."

सरांनी मागं न बघता विचारलं, "मेथी कोण निवडून राहिलंय? ठेव ती अन् फळ्याकडं बघ."

मग एक भारदस्त आवाज आला, "ठेवली, सर."

लातूरचे अधिकारी होते ते. मुख्याध्यापकांनी डोक्याला हात लावला.

"शाब्बास. आता सांग, हे दोन कोन सारखे कशामुळं?"

"ते... समोरासमोर..."

"व्युत्क्रम कोन," सुनीता हळूच म्हणाली.

"सुनीता, सांगू नको. शिकू दे त्याला."

तास संपल्यावर अधिकाऱ्यांचा फोन आला. दहावी सरांकडंच राहू द्या, म्हणाले, आणि उद्याचा तास कधी आहे तेही विचारून घेतलं.

सरांनी बॅच शेवटपर्यंत नेली. अखेरच्या तासाला अभ्यासक्रम संपला, उजळणी संपली, परीक्षेच्या सूचनाही संपल्या. शाळेत अशा वेळी शिपाई घंटा देतो. इथं घंटा नव्हती.

"जावा आता," सर म्हणाले.

"तुम्ही जावा आधी, सर."

"मास्तर पोरांच्या आधी वर्गाबाहेर जात नसतो. निघा."

कुणी हललं नाही. बराच वेळ नुसती घरं ऐकू येत राहिली. शेवटी सर म्हणाले, "जाधव, तूच बंद कर."

तास बंद करायचं बटण कुठं आहे, हे मला पहिल्यांदाच नेमकं ठाऊक होतं. मी ते दाबलं नाही. कुणाची रेंज गेली, कुणाची बॅटरी संपली, तसतसं एकेक पोर गळत गेलं. आपणहून कुणीच गेलं नाही.