ओमप्रकाशचं निम्मं उत्तर

ओमप्रकाश रामटेके बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत इलेक्ट्रिशियन. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वडील गेले आणि फिजिक्स सुटलं ते सुटलंच. पंचेचाळिशीत, प्रताप नगरच्या घरी लेकीसाठी कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला कळलं, की सूर्याच्या पृष्ठभागावरचं चुंबकत्व रोज मोजतात आणि ते आकडे कुणालाही पाहता येतात.

मग पहिली पाळी करून आला, की चहा घेऊन तो कॉम्प्युटरपुढंच बसायचा. सूर्याचं चुंबकत्व सौरवाऱ्याबरोबर निघतं आणि चार-पाच दिवसांत पृथ्वीपाशी पोचतं. ते किती जोराचं, कोणत्या दिशेचं असेल, याचा अंदाज तो वहीत मांडायचा आणि नंतर उपग्रहाच्या मोजणीशी ताडायचा. दिशा बहुतेकदा जुळायची. त्याच्या अंदाजातला जोर मात्र मोजणीच्या निम्माच भरायचा.

तीन वर्षं त्यानं स्वतःचीच चूक शोधली. शेवटी एक दिवस उत्तराला सरळ दोननं गुणलं. जुळलं.

"जुळलं नं? मंग तोंड पाडून काहून बसले जी?" बायको दामिनीनं विचारलं.

"दोननंच काहून गुणलं, ते मले सांगता येत नाही."

पुढं रामदासपेठेत एका सौरशास्त्रज्ञ बाईंचं व्याख्यान झालं. सगळे पांगल्यावर तो वही घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिला. बाईंनी उभ्याउभ्याच दहा-बारा पानं चाळली.

"इथून पुढं आकडे दुप्पट झालेत."

"मीच केले, मॅडम. जुळावेत म्हणून." त्याची मान खाली गेली.

"तुमचं आधीचं गणित बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "आमचंही बरेचदा निम्मंच येतं. उरलेलं कुठं राहतं, याचा जगभर शोध चालू आहे."

घरी येताना त्याला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तीन वर्षं कुणाला विचारायची लाज वाटली याचा रागही येत होता. जेवणं झाल्यावर त्यानं दुप्पट केलेल्या प्रत्येक आकड्यावर एक रेघ मारली आणि शेजारी मूळचा आकडा लिहिला.

"आता काय शोधून राहिले?" दामिनीनं विचारलं.

"सूर्याचे ध्रुव इथून आपल्याले नीट दिसत नाहीत," तो म्हणाला. "तिथलंच काही मोजायचं राहून जात असंन काय?"